चुन्याची रेघ

माय म्हणायची, माझ्या चुलीवर दोन सैपाक होतात, एक तुमचा आणि एक गाड्यांचा. खोटं नव्हतं ते. अकोल्यात आमचं घर म्हणजे पुढं गॅरेज, मागं दोन खोल्या आणि मधल्या अंगणात मायची चूल. वर तव्यावर ज्वारीची भाकर फुगते आहे आणि खाली लाकडांच्या जोडीला फटफटीच्या सायलेन्सरमधली लोखंडी जाळी लालबुंद होऊन पडली आहे, असं आमचं रोजचं. त्या वेळच्या गाड्या पेट्रोलबरोबर ऑइलही पीत, आणि प्यालेलं सगळं काजळी होऊन सायलेन्सरच्या आतड्यात बसे. आतडं तुंबलं की गाडी चढाला दम सोडी. मग ती जाळी बाहेर काढायची, जाळात घालायची, काजळी जळून भुसभुशीत झाली की चिमट्यानं ओढून फरशीवर आपटायची. आमच्या भाकरीला कायम जळक्या ऑइलचा वास असे. पाहुणे पहिल्या घासाला थांबत, एकमेकांकडं बघत, आणि मग भूक जिंकत असे. आम्ही मात्र मामाच्या गावी गेलो की तिथली भाकर आम्हाला आळणी लागायची.

जाळी निघाली नाही तर अख्ख्या सायलेन्सरमध्ये कॉस्टिक सोड्याचं पाणी भरून, बूच ठोकून तो कोपऱ्यात उभा करायचा. आतून तो फुसफुसत राही, टोपलीत साप ठेवल्यासारखा. त्या पाण्याचा थेंब हातावर उडाला की आधी कातडी साबणासारखी बुळबुळीत होई, आणि आग नंतर होई. आपल्याला वाटतं काही झालं नाही, आणि मग होतं. बाबांचं वागणंही असंच होतं, म्हणून सांगून ठेवते.

बाबांना सगळं अकोला नुसतं मिस्त्री म्हणे. अंगात पांढरी स्वच्छ बंडी, गुळगुळीत दाढी, आणि तोंडावर कायम हसू. दाढी करताना कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की वस्तरा न थांबवता सांगत, "याचं गॅस्केट फुटलं," "याच्या नळीले चीर गेली," आणि ते तसंच निघे. बाबा कधी ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाची घराला सवय होते. हसत हसत बोलणाऱ्याची नाही होत. मी दहावी सोडून घरी बसले तेव्हा मला सायलेन्सर खरवडायला दिले होते, आणि माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणत असे, तो ब्रेकचं काम करी. चाकाच्या आत ड्रम असतो, त्याच्या आत दोन अर्धचंद्रासारखे शू असतात, आणि शूवर लायनर चिकटवलेला असतो. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. एवढंच आहे ते. लायनर चकाकायला लागला की तो पकडत नाही, पॉलिश पेपरनं घासून त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. ड्रम उघडला की आत काळी भुकटी असे. ती आम्ही तोंडानं फुंकून उडवायचो. आता डॉक्टर माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरून विचारतात, आजी, तुम्ही काय काम करत होता? मी म्हणते, फुंकर घालत होते.

या कामाचा एकच मोठा नियम, लायनरला तेलाचं बोट लागता कामा नये. ग्रीसचं नाही, गोड्या तेलाचं नाही, खोबऱ्याचंही नाही. लायनर तेल पितो, आणि तेल प्यालेला लायनर म्हणजे चाकात लोणी बसवल्यासारखं. म्हणून मायनं माझ्या डोक्याला जवसाचं तेल चोपडलं, की त्या दिवशी मला गॅरेजात पाय टाकायची बंदी.

आणि आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

गॅरेजच्या बाजूची गल्ली जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला जाऊन थांबायची. भिंतीच्या पलीकडं सरकी निघायचा घरघराट, दिवसभर हवेत कापसाचं भुरं. त्या भिंतीपाशी जमिनीवर बाबांनी चुन्याची एक रेघ ओढली होती. ब्रेकचं काम झालं की घरातलं एक माणूस भिंतीला पाठ लावून, पायाचे अंगठे रेघेला टेकवून उभं राहायचं. बाबा गल्लीच्या त्या टोकाच्या कडुनिंबापासून गाडी सुसाट आणायचे आणि ब्रेक दाबायचे. पुढचं चाक रेघेवर थांबलं पाहिजे. आणखी एक अट त्यांनी स्वतःच घालून घेतली होती, ज्या चाकाचं काम झालं, त्याच चाकाचा ब्रेक दाबायचा. मागच्याचं काम असेल तर पुढच्याच्या लिव्हरला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं बाजूला ओटीवर बसून बघत. "ज्यानं आपली पोट्टी चाकापुढं उभी केली, त्याचं काम कच्चं कसं असंल?" असं म्हणत मूर्तिजापूर, परतवाड्याहून लोक यायचे. गाडीचं काम निघालं नसलं तरी काही नुसतं पाहायला यायचे. चहाचा कँटीनवाला आमच्यामुळं जगत असे.

आधी तिथं दादा उभा राहत असे. लहान असताना एकदा तो घाबरून बाजूला सरला. चाक रेघेवर बरोबर थांबलं होतं. बाबा गाडीवरून उतरले, हसले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "घ्या, आमचा पळपुट्या!" त्या दिवसापासून दादाचं नाव तेच झालं. "पळपुट्या, पाना आन." "पळपुट्या, चहा सांग." गिऱ्हाइकंही त्याच नावानं हाक मारायला लागली. पुढं मिशी फुटली तरी नाव गेलं नाही. मग त्याच्या जागी मी उभी राहायला लागले. मी हलले नाही कधी. धीट होते म्हणून नाही, तर दादाचं काय झालं ते मी पाहिलं होतं म्हणून. चाक थांबलं की टायरची ऊब घोट्यांना लागायची आणि बाबा म्हणायचे, "पाहा, पापणी नाई हालली पोट्टीची!" लोक टाळ्या पिटायचे. मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवते, नाहीतर हे सगळं अर्धंच होईल.

दादाचं लग्न ठरलं शेंदूरजनाघाटच्या पोरीशी. संत्र्याच्या बागेतल्या माणसांची पोरगी, नाव शोभा. हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, बायका पाटावर बसलेल्या दादाला तेलात कालवलेली हळद चोळतायत, तोंड पिवळंधमक, कोपरापर्यंत हात पिवळे. मी लग्नाचा नवा परकर नेसून, केसात शेवंती माळून मिरवत होते. तेवढ्यात रस्त्याच्या कामाचा एक कंत्राटदार गाडी ढकलत आला. मागचा ब्रेक गेलेला, आणि त्याला लगेच साइटवर जायचं होतं.

बाबा मांडवात आले. "पळपुट्या, ऊठ. कंत्राटदारसाहेबाचा ब्रेक करून दे."

बायका हसल्या, त्यांना गंमत वाटली. माय म्हणाली, "अहो, हळद लागलेला नवरदेव मांडवाबाहेर जाते काय कुठी?"

"हळद लागली म्हणून का हात गळून पडले त्याचे?"

"तेलाचे हात हायेत नं पण."

दादानंही हात पुढं केले, पोराला छडीसाठी करायला लावतात तसे. "बाबा, तेल हाय हाताले."

"मंग पूस," बाबा म्हणाले. हसतच. "का बायको येण्याआधीच मेहनतीले घाबरून राहिला?"

दादानं टॉवेलला हात पुसले आणि गेला. हळदीचं तेल टॉवेलनं निघत नाही, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. काम झालं. बाबांनी मला हाक मारली, आणि मी शेवंतीसकट भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. हळदीच्या बायकाही मागून पाहायला आल्या, एवढं नाव ऐकलेलं.

कडुनिंबापासून गाडी निघाली. बाबांचा पाय पेडलवर दाबला गेलेला मला दिसला, पण सायलेन्सरचा आवाज बसला तरी गाडी काही बसेना. चाक जसं यायचं तसंच येत राहिलं. आज इतकी वर्षं झाली, मला त्यांचा उजवा हात आठवतो. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर चारही बोटं नुसती टेकलेली. तो ब्रेक चांगला होता. मिटली असती बोटं, तर थांबली असती गाडी. पण त्या चाकाचं काम झालेलं नव्हतं, आणि लोक पाहत होते. चाक रेघ ओलांडून आलं आणि माझा उजवा पाय घोट्याच्या वर भिंतीशी दाबला गेला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडतात ना, तसा आवाज झाला. तो माझ्यातून आला हे मला क्षणभर कळलंच नाही.

मला उचललं ते मायनं आणि कँटीनवाल्यानं. बाबा आधी चाकाकडं गेले. तिथंच चाक खोललं, ड्रम उघडला. मी जमिनीवर पडल्या पडल्या पाहत होते. काळ्या लायनरवर पिवळी बोटं उमटली होती, लक्ष्मीच्या पावलांसारखी स्वच्छ. बाबांनी ती पाहिली, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि खिशातल्या फडक्याला पेट्रोल लावून पुसून टाकली. मग उठून सगळ्यांकडं वळले.

"येणाऱ्या पोरीचा पायगुण पाहा म्हणजे. अजून उंबरा ओलांडला नाई, अन् आमच्या घरचा पाय मोडला."

"बाबा," मी म्हणाले, "हळद हाय त्याले. म्या पाहिली."

"पोट्टी वाताऊन राहिली," बाबा म्हणाले, वेदनेनं बरळते आहे अशा अर्थानं. आणि बायकांनी माना डोलावल्या. मिस्त्रीचं चुकलं म्हणायचं, का कधी न पाहिलेल्या पोरीचं? दुसरं सोपं होतं. दादा तोंडाला हळद घेऊन तसाच उभा होता, आणि त्याचे हात मागं लपवलेले होते.

लग्न खोळंबू नये म्हणून मला दवाखान्यात नेलं नाही. हाड बसवणाऱ्या एका बुढ्याला बोलावून बांबूच्या कामट्या बांधल्या. वरात आली तेव्हा मी मागच्या खोलीत पडून बँडचा आवाज ऐकत होते. हाड जुळलं, पण घोटा लाकडासारखा झाला. पाऊल ना वर होई ना खाली. आजही माझी उजवी चप्पल पुढून घासते, डावी टाचेकडून.

शोभावहिनी घरात आल्या आल्या सगळ्यात आधी माझ्या खाटेपाशी येऊन बसली. माहेरच्या पिशवीतून एक संत्रं काढलं, सोलून फोडीचे धागेसुद्धा काढले आणि म्हणाली, "बेबीबाई, तुमचा पाय मी मोडला म्हंतात. मी तवा शेंदूरजन्यात मेंदी काढून राहिली होती. लय लांब पाय हाय बाप्पा माहा." मी दुखण्यात हसले. त्या घरात दुखण्यात हसवणारी तीच पहिली.

तिचे हाल सुरू झाले ते हळूहळू, सोड्याच्या पाण्यासारखे. सायलेन्सर खरवडायचं माझं काम तिला आलं. मेंदीच्या हातांची कातडी सोलून निघाली. जेवताना ठेचा हाताला लागला की ती डोळे मिटून घेई आणि मग म्हणे, "आज मिरची जास्तच पडली जी." ताटात काही सांडलं, दूध उतू गेलं, गिऱ्हाईक रुसून गेलं, की बाबा फक्त म्हणायचे, "पायगुण." एवढा एकच शब्द, हसून. आणि मग एक दिवस मागच्या ब्रेकचं काम झालं, लोक ओटीवर बसले, आणि बाबांनी अंगणाकडं तोंड करून सांगितलं, "बेबी त आता उभी राहू शकत नाई. जिच्यानं तिची जागा रिकामी झाली, तिनं येऊन भरावी."

माय कधी नाही ते पुढं झाली. "अहो, घरची सून. चारचौघांत गल्लीत उभी कराची? लोक काय म्हंतीन?"

"पदर घे म्हणा."

तर वहिनी हनुवटीपर्यंत पदर ओढून त्या भिंतीला उभी राहिली. पदर ओढला म्हणजे समोरची गाडी दिसत नाही. लोकांना ते फारच आवडलं. पूर्वीपेक्षा दुप्पट गर्दी होऊ लागली. "मिस्त्री, सून लय पक्की भेटली बरं!" दादा तेव्हा मागं जाऊन बिडी ओढत उभा राही. मी एकदा वहिनीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं हो तिथं? ती म्हणाली, "दिसत नाई तेच बरं. आवाज मोठा होत येते, मोठा होत येते, अन् मंग एकदम बंद. मेल्यावर बी असंच होत असंल. फक्त मेल्यावर सैपाकाले जा नाई लागत."

त्या दिवसापासून मी ब्रेकच्या कामाला बसले. पाटावर बसायचं, अकडलेला पाय पुढं लांब करायचा, आणि दादाच्या हातून प्रत्येक चाक ओढून घ्यायचं. तोही देई, सुटल्यासारखा. मी लायनर घासायची, ड्रमला नख लावून पाहायची, स्प्रिंगा ताणून बघायची. कामाच्या आधी राख आणि धुण्याच्या सोड्यानं हात इतके धुवायची की बोटं चिरायची. आणि मी डोक्याला तेल लावणं सोडलं. माय मागं लागे, "अवं, पोरीच्या जातीनं असं झिंज्या पिंजारून बसू नाई." पण उशीवरचं तेल हाताला लागेल, हाताचं लायनरला लागेल आणि पदराखाली ती उभी असेल, हेच मला दिसायचं. केस पांढरे होऊन विरळ झाले, पण तेल नाही ते नाहीच. लोकांना वाटतं म्हातारीला ॲलर्जी आहे.

वहिनीला दिवस गेले. भिंतीपाशी उभं राहणं चालूच होतं. तिची ओटी भरून झाली त्याच आठवड्यात तो कंत्राटदार परत आला. गाडी तीच, यावेळी काम पुढच्या ब्रेकचं होतं. मी स्वतः बसवला. लोक जमले, बाबांनी हाक मारली. माय रडायला लागली, "पोटुशी हाय हो ते! आता तरी सोडा!"

बाबा हसले. "मंग काय झालं? एकाच्या जागी दोघं उभे राहतीन. चाकाले काय मोजता येते?"

ओटीवरचे काही जण हसले. सगळे नाही. कंत्राटदारच म्हणाला, "राहू द्या मिस्त्री, आपला विश्वास हाय." बाबा म्हणाले, "नाई नाई, आमच्या इथं तोंडी काम नसते." वहिनी जाऊन उभी राहिली. अंगठे रेघेला, पाठ भिंतीला, तोंडावर पदर. पण तिचं पोट रेघेच्या पुढं आलं होतं. चाक रेघेवर थांबलं तरी हँडल कुठं येईल, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं, आणि कोणी उठत नव्हतं. मी गॅरेजच्या दाराला धरून उभी होते. काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं, ते तोंडातून निघालं.

"बाबा, आज गाडी मी चालवतो. तुमी उभे राहा."

बाबा वळले. "काय म्हणलं?"

"पुढचा ब्रेक म्या बसवला. माह्या कामाची परीक्षा म्या द्यावी. मिस्त्रीनं उभं राहावं, मंग नाव होईन."

"तुया पाय हालते काय, भोकनीचे?"

"पुढच्या ब्रेकले पाय कायले लागते? तो त हातानं दाबा लागते."

आणि तेव्हा ओटीवरून कोणीतरी म्हणालं, "हाव, होऊ द्या मिस्त्री!" मग दुसरा, मग सगळेच. दया नव्हती त्यात, मला भ्रम नाही. त्यांना नवीन खेळ पाहिजे होता. पण बाबांनीच त्यांना ती गोडी लावली होती, आणि आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी बंडी खाली ओढून नीट केली आणि चालत भिंतीपाशी गेले. वहिनीनं पदर वर केला, त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि बाजूला झाली.

गाड्या इकडच्या तिकडं करून करून मला गाडी चालवता येत होती, पण किक मारणं माझ्या पायाला जमणारं नव्हतं. कडुनिंबाखाली दादा आला. त्यानं किक मारली, मी बसेपर्यंत गाडी धरून ठेवली आणि हात काढला. आयुष्यात त्यानं माझ्यासाठी केलेलं ते एवढंच, पण केलं.

पहिला गिअर, दुसरा गिअर. सायलेन्सरचा आवाज मोकळा लागला होता. समोर बाबा, भिंतीला पाठ, अंगठे रेघेला. मला वाटलं होतं ते माझ्या तोंडाकडं पाहतील, नाहीतर हाताकडं, ब्रेक तिथंच होता. ते माझ्या उजव्या पायाकडं पाहत होते. तो पाय मागच्या ब्रेकच्या पेडलवर नुसता लाकडासारखा पडलेला होता. हाताचा ब्रेक चुकला तर दाबायला दुसरं काही नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? तो पाय त्यांनीच मोडला होता.

बाबांनी उडी नाही मारली. वाटेतला चिखल चुकवावा तसे ते शांतपणे एक पाऊल बाजूला झाले.

मी लिव्हर दाबली. चाक रेघेवर थांबलं. रेघेपुढं कोणी नव्हतं, नुसती भिंत. त्या भिंतीवर आमच्या पाठींनी घासून घासून एक मळकट डाग पडला होता. तो मी पहिल्यांदाच समोरून पाहिला.

टाळी वाजली नाही. जिनिंगचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. बाबा दादाला म्हणाले, "गाडी पुसून दे साहेबाले," आणि आत जाऊन पाटावर बसले. मायनं वाढलं. आलू-वांग्याची भाजी होती, त्यांनी भाकर कुस्करून नीट जेवण केलं, आणि हात धुताना म्हणाले, "सुनेचं सामान बांधा. बाळंतपणाले माहेरी जाऊ द्या. बेबी बी जाईन सोबतीले." आवाजात राग नव्हता. हसू मात्र त्या दिवशी नव्हतं.

शेंदूरजन्यात नितीन जन्मला. बारशाला दादा आला, पंगतीत जेवला, पोराला मांडीवर घेतलं आणि गेला. पुन्हा आला नाही. बोलावणंही आलं नाही. वहिनी अंगणात संत्री निवडत बसायची. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तिचे हात थांबायचे. दादाच्या गाडीच्या सायलेन्सरला एक बारीक चीर होती, तो आवाज तिला पाठ होता. गाडी पुढं निघून गेली की हात पुन्हा चालायला लागायचे. ते असं खूप दिवस चाललं. मग कळलं, की अकोल्यात दादाचं दुसरं लग्न झालं. वहिनी म्हणाली, "या खेपेले हळदीच्या दिवशी त्याले मांडवाबाहेर नाई काढलं म्हणजे बरं." आणि पुढच्या आवाजाला तिचे हात थांबले नाहीत.

आम्ही दोघी अमरावतीला आलो. परतवाड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये मी ब्रेक आणि सायलेन्सरचं काम धरलं, वहिनीनं शेजारी गिला वड्याची, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्यांची, हातगाडी लावली. बाईच्या हातून ब्रेक करून घ्यायला लोक आधी कचरत, मग वडा खाता खाता तयार होत. आता दुकान पक्कं आहे आणि नितीन चालवतो. डिस्क ब्रेक आले, लायनरच्या जागी पॅड आले. पोरं येतात आणि म्हणतात, आजी, सायलेन्सरची जाळी काढून टाका, आवाज पाहिजे. मी म्हणते, बाळा, आवाज मोठा होत आला की काय होतं ते तुला माहीत नाही. त्यांना वाटतं मी पोलिसांविषयी बोलते.

बाबा एकदा आले आमच्या दुकानात. नितीन तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. कोणा नात्यातल्याच्या गाडीवर मागं बसून आले होते, लग्नाला जाताना वाटेत मागचा ब्रेक लागेना झाला होता. वाळले होते, पण बंडी तशीच पांढरी. मी ओळख दाखवली नाही, त्यांनीही नाही. मी चाक खोललं, लायनर घासला, परत बसवलं. मग गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हातानं गरगर फिरवलं, कान ड्रमपाशी नेला आणि पेडल हातानं दाबलं. चाक टक्कन थांबलं. वहिनीनं नेहमीसारखा गिऱ्हाइकाला चहा आणून दिला. तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

बाबा बशीत चहा ओतून पीत होते. म्हणाले, "कोणाले उभं करतेस?"

"कोणालेच नाई. चाक फिरवून पाहाचं, कान लावाचा. कळते."

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. "पहिल्यापासून माहीत होतं?"

"मिस्त्री हाव मी." त्यांनी बशी खाली ठेवली.

"मंग?"

ते रस्त्याकडं पाहत होते. लहान पोरालाही कळावं एवढं सोपं काही विचारलं असावं, तसे ते माझ्याकडं वळले.

"लोक येत होते नं, बेबे."

गाडी सुरू झाली, ते मागं बसले आणि गेले. सायलेन्सरचा आवाज पंचवटी चौकाच्या बाजूला लांब होत गेला. वहिनी कपबशी उचलायला आली. नितीन हात पुसत बाहेर येऊन विचारायला लागला, "आई, कोण होता वं तो बुढा? तुमच्या दोघींकडं कसा पाहत होता!"

"गिऱ्हाईक," वहिनी म्हणाली, आणि बशी विसळायला आत गेली.